नर्व्ह एजंट, कीटकनाशके आणि आकडी : मेंदू वाचविण्याची पहिली ४० मिनिटे

रासायनिक युद्धात वापरली जाणारी 'नर्व्ह एजंट' विषे आणि शेतात फवारली जाणारी ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके ही एकाच रासायनिक कुळातील आहेत. दोन्हींचा घाला शरीरातील एकाच विकरावर पडतो आणि दोन्हींवरील उतारेही बहुतांशी समान आहेत. या उताऱ्यांमुळे रुग्णाचा श्वास आणि हृदयाचे ठोके पूर्ववत होऊ शकतात, परंतु मेंदू सुरक्षित राहिला असे त्यावरून म्हणता येत नाही. विषबाधेमुळे येणारी आकडी वेळीच थांबविली गेली नाही, तर मेंदूतील स्मृती आणि भावनांशी संबंधित भागांतील पेशी मरण पावतात आणि जीव वाचलेला रुग्ण कायमचे अपंगत्व घेऊन घरी परततो.

शिवाजीनगर म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाला पुणे आठवते. बेंगळुरूच्या जुन्या छावणी भागातही एक शिवाजीनगर आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे पिता शहाजीराजे यांच्याकडे या शहराची जहागिरी होती. रसेल मार्केटच्या गजबजाटामुळे परिचित असलेल्या या भागात बाउरिंग आणि लेडी कर्झन रुग्णालय आहे. १८६२ ते १८७० या काळात म्हैसूरचे आयुक्त असलेले लेविन बाउरिंग यांचे नाव धारण करणारे हे सरकारी रुग्णालय आज श्री अटलबिहारी वाजपेयी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. छावणीत जन्मलेल्या या रुग्णालयात युद्धातील विषवायूचा रुग्ण येण्याची शक्यता नगण्य आहे. दक्षिण भारतातील अशा सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागांना कीटकनाशकाच्या विषबाधेचा रुग्ण मात्र नवा नाही. तो अनेकदा आधी तालुक्याच्या ठिकाणी दाखल होतो आणि तेथून मोठ्या शहराकडे पाठविला जातो. कोलार येथून बेंगळुरू सुमारे ७० किलोमीटर आहे. एवढ्या प्रवासाला लागणारा वेळ मेंदूच्या दृष्टीने फार मोठा आहे.

एकाच प्रयोगशाळेतील भावंडे

या विषांचा इतिहासच शेतीपासून सुरू होतो. जर्मनीतील आयजी फार्बेन कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ गेरहार्ड श्राडर हे नव्या कीटकनाशकांचा शोध घेत होते. १९३६ मध्ये त्यांच्या हाती 'टाबुन' लागले आणि १९३८ मध्ये 'सरिन'. किडीसाठी केलेली ही संयुगे माणसासाठी अतिघातक असल्याचे लक्षात येताच ती लष्कराकडे गेली. याच श्राडर यांच्या संशोधनातून 'पॅराथिऑन' हे कीटकनाशकही तयार झाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभरच्या शेतांत पोहोचले. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये सापडलेल्या 'व्हीएक्स' या विषाची वाटही कीटकनाशकांच्या संशोधनातूनच निघाली.

भारतात या कुळाची पहिली मोठी ओळख १९५८ मध्ये झाली. केरळमध्ये पॅराथिऑन मिसळले गेलेले धान्य खाण्यात आल्याने शंभराहून अधिक लोकांचा मृत्यू झाला. १९६८ चा कीटकनाशक कायदा या घटनेनंतरच्या चौकशीतून आला. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली. त्यांच्या अन्नात 'मोनोक्रोटोफॉस' आढळले होते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर रुग्णालयात दाखल झाले आणि वीसहून अधिक जणांनी प्राण गमावले. त्यानंतर राज्य सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यांत प्रोफेनोफॉसयुक्त मिश्रण, अॅसिफेट आणि मोनोक्रोटोफॉस ही याच कुळातील नावे होती. मोनोक्रोटोफॉसचे प्रचलित द्रावण देशभर बंद करण्याचा आदेश केंद्र सरकारने २०२३ मध्ये काढला.

मेंदूत नेमके काय घडते ?

मज्जातंतू एकमेकांना आणि स्नायूंना संदेश देतात तो रसायनांमार्फत. त्यांपैकी एक म्हणजे 'असिटिलकोलीन'. संदेश पोहोचला की हे रसायन तत्काळ नष्ट व्हावे लागते आणि ते काम 'असिटिलकोलिनेस्टरेज' हे विकर करते. ऑरगॅनोफॉस्फेट विष या विकराला चिकटून ते निकामी करते. परिणामी असिटिलकोलीन साचत जाते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडातून लाळ आणि फेस येतो, घाम सुटतो, छातीत घरघर वाढते, स्नायू थरथरतात आणि शेवटी लुळे पडतात. रुग्ण दगावतो तो मुख्यतः श्वास बंद पडल्याने.

मेंदूत साचलेले असिटिलकोलीन आकडीची ठिणगी टाकते. ती मोठ्या प्रमाणातील नर्व्ह एजंटच्या बाधेत काही मिनिटांतच पडते. यापुढचा भाग अधिक गंभीर आहे. सुरुवातीला असिटिलकोलीनमुळे पेटलेली आकडी थोड्याच वेळात दुसऱ्या रसायनाच्या ताब्यात जाते. ते रसायन म्हणजे 'ग्लुटामेट'. मेंदूतील पेशींना उत्तेजित करणारा हा मुख्य संदेशवाहक होय. तो अतिरिक्त प्रमाणात स्रवला की पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो आणि पेशी आतून मोडू लागतात. स्मृतीचे केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस, भावनांशी निगडित अमिग्डाला, गंधज्ञानाशी संबंधित पायरिफॉर्म भाग आणि थॅलॅमस यांना सर्वाधिक झळ बसते. प्रयोगशाळेतील प्राण्यांत आकडी वीस मिनिटांच्या आसपास सलग चालू राहिली की इजेच्या खुणा दिसू लागतात.

अमेरिकी लष्कराच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात प्राण्यांवरील प्रयोगांतून या घटनाक्रमाचे तीन टप्पे मांडले. पहिल्या सुमारे पाच मिनिटांत आकडी केवळ असिटिलकोलीनवर चालते. या टप्प्यात अॅट्रोपीनसारखे औषधही तिला रोखू शकते. पाच ते चाळीस मिनिटांचा काळ संमिश्र असतो. चाळीस मिनिटांनंतर असिटिलकोलीनचा भाग जवळजवळ संपतो, ग्लुटामेटचे राज्य सुरू होते आणि तोपर्यंत उपयोगी असलेली औषधे बोथट होतात. मनुष्याच्या बाबतीत हे आकडे मिनिटामिनिटाने तसेच लागू होतील असे नाही, मात्र क्रम तोच आहे.

औषध बोथट होण्याचे कारण मेंदूच्या पेशींतच असते. आकडी शमविण्यासाठी डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलाम ही 'बेन्झोडायझेपीन' गटातील औषधे वापरली जातात. ती 'गाबा' या शामक रसायनाच्या ग्राहकांना बळ देतात. आकडी लांबत गेली की पेशी आपल्या पृष्ठभागावरील हे ग्राहक आत ओढून घेते. दाराला कडीच उरली नाही तर किल्ली चांगली असून उपयोग नाही, तशी ही अवस्था होते. म्हणूनच पहिल्या दहा मिनिटांत दिलेली एक मात्रा जे काम करते, ते तासाभरानंतर दिलेल्या अनेक मात्रांना जमत नाही.

पुणे आणि बारामतीचा अनुभव

ऑरगॅनोफॉस्फेट विषबाधेच्या अभ्यासात महाराष्ट्रातील डॉक्टरांचे काम जगभर उद्धृत केले जाते. पुण्यातील डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये डायझिनॉन या कीटकनाशकाची बाधा झालेल्या २०० रुग्णांच्या चेतासंस्थेवरील परिणामांची नोंद प्रसिद्ध केली. दाखल होतानाच दिसणारी लक्षणे आणि चोवीस तासांनंतर उद्भवणारे लुळेपण, असे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले. निम्म्या रुग्णांना विषाच्या परिणामामुळे भ्रम झाला होता आणि सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना लुळेपण आले होते. आकडी मात्र जवळपास एकच टक्का रुग्णांना आली होती.

हा शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. सरिन किंवा सोमनच्या तुलनेत कीटकनाशकांच्या बाधेत प्रौढांना आकडी कमी प्रमाणात येते, मुलांमध्ये ती अधिक आढळते. अशा वेळी नर्व्ह एजंटवरील संशोधन जसेच्या तसे कीटकनाशकांना लावणे योग्य नव्हे. पण ज्या रुग्णाला आकडी येते, त्याच्या मेंदूतील साखळी तीच असते आणि घड्याळही तेच असते.

दुसरे काम बारामतीचे. नष्ट झालेल्या विकराला विषापासून सोडविणारे 'प्रॅलिडॉक्झाइम', अर्थात डॉक्टरांच्या बोलीतील 'पॅम', कसे द्यावे यावर डॉ. किर्ती पवार आणि सहकाऱ्यांनी बारामतीत २०० रुग्णांवर तुलनात्मक चाचणी केली. ती २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. दर चार तासांनी इंजेक्शन देण्याऐवजी ४८ तास सलग सलाइनमधून मोठी मात्रा दिलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण एक टक्का होते. दुसऱ्या गटात ते आठ टक्के होते. श्वासनलिकेत नळी घालावी लागलेल्या रुग्णांचे प्रमाणही ८८ टक्क्यांवरून ६४ टक्क्यांवर आले. २००९ मध्ये श्रीलंकेतील २३५ रुग्णांवरील चाचणीत मात्र या औषधाचा लाभ दिसला नाही. उलट औषध दिलेल्या गटात मृत्यू काहीसे अधिक होते, जरी तो फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक नव्हता. दोन चाचण्यांतील रुग्ण, त्यांच्या बाधेची तीव्रता आणि उपचाराला झालेला उशीर सारखा नव्हता. 'पॅम'विषयीचा वाद त्यामुळे मिटलेला नाही.

मेंदूच्या दृष्टीने हा वाद काहीसा दुय्यम आहे. 'पॅम' रक्तातून मेंदूत फारच अल्प प्रमाणात शिरते. ते श्वसनाच्या स्नायूंना मदत करू शकते, पण मेंदूतील विकर सोडविण्याचे काम त्याच्याकडून होत नाही. शिवाय विष आणि विकर यांचे बंधन काही काळाने कायमचे होते. सोमनच्या बाबतीत त्याला अवघी काही मिनिटे लागतात, सरिनच्या बाबतीत काही तास आणि व्हीएक्सच्या बाबतीत दिवसाहून अधिक. १९९१ च्या आखाती युद्धात सैनिकांना आधीच देण्यात आलेल्या पायरिडोस्टिग्मीनच्या गोळ्यांनाही हीच मर्यादा होती. त्या मेंदूत पोहोचत नसल्याने आकडीपासून संरक्षण देत नव्हत्या.

कोणते औषध, किती लवकर ?

म्हणून आकडीवरचे पहिले औषध बेन्झोडायझेपीन हेच आहे आणि ते महाग नाही. डायझेपाम शिरेतून द्यावे लागते. झटके देणाऱ्या, घामाने निथळणाऱ्या रुग्णाची शीर सापडणे सोपे नसते. मिडाझोलाम दंडात किंवा मांडीत, स्नायूत टोचले तरी लवकर शोषले जाते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांनी आकडी चालू असलेल्या रुग्णांना एकतर स्नायूत मिडाझोलाम किंवा शिरेतून लोराझेपाम दिले. रुग्णालयात पोहोचेपर्यंत पहिल्या गटातील ७३ टक्के, तर दुसऱ्या गटातील ६३ टक्के रुग्णांची आकडी थांबलेली होती. हे रुग्ण विषबाधेचे नव्हते. मात्र रासायनिक हल्ल्याच्या तयारीचा विचार या चाचणीमागे होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये सैनिकांसाठी मिडाझोलामचे स्वयंचलित इंजेक्शन मंजूर केले. भारतात ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापनेने अॅट्रोपीन आणि 'पॅम'ची अशी स्वयंचलित इंजेक्शने विकसित केली आहेत.

दवाखान्यांतील एका सवयीचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. अपस्माराच्या रुग्णाची आकडी पहिल्या औषधाने थांबली नाही की दुसरे औषध म्हणून फेनिटॉइन चढविले जाते. नेहमीच्या अपस्मारात ते योग्यच आहे. ऑरगॅनोफॉस्फेटच्या आकडीत मात्र प्राण्यांवरील प्रयोगांत फेनिटॉइन निष्प्रभ ठरले आहे, कारण ते ज्या मार्गाने काम करते तो मार्ग या आकडीचा नाही. अशा रुग्णाला बेन्झोडायझेपीनची पुरेशी मात्रा पुन्हा देणे, श्वासनलिका सुरक्षित करून मिडाझोलामचे सलग सलाइन किंवा प्रोपोफोल, फेनोबार्बिटल यांच्याकडे वळणे अधिक उचित ठरते. फेनिटॉइन देण्यात गेलेला अर्धा तास मेंदूच्या खात्यातून जातो.

न दिसणारी आकडी

आकडी म्हणजे हातपाय झाडणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. विषबाधेत स्नायू लुळे पडले किंवा व्हेंटिलेटर लावण्यासाठी स्नायू शिथिल करणारे औषध दिले की शरीर शांत होते. मेंदूतील विद्युत वादळ त्या वेळी चालूच असू शकते. नातेवाइकांना आणि कधी कधी डॉक्टरांनाही रुग्ण झोपला आहे असे वाटते. ईईजी अर्थात मेंदूचा आलेख काढल्याशिवाय ही आकडी ओळखता येत नाही. बेंगळुरूत होसूर रस्त्यावरील निम्हान्स ही मेंदूविकारांची देशातील अग्रगण्य संस्था आहे आणि तेथे या तपासणीची परंपरा मोठी आहे. तालुका पातळीवर ईईजीचे यंत्र क्वचितच आढळते. अशा ठिकाणी झटके थांबले म्हणून निश्चिंत न होता, शिथिल करणाऱ्या औषधासोबत आकडीविरोधी औषध चालू ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

उशीर झालाच तर ?

चाळीस मिनिटे उलटून गेलेल्या रुग्णाचे काय, हा सध्याच्या संशोधनाचा मुख्य प्रश्न आहे. ग्लुटामेटच्या ग्राहकांना अडविणाऱ्या औषधांवर सर्वाधिक भर आहे. भूल देण्यासाठी भारतातील लहानसहान शस्त्रक्रियागृहांतही वापरले जाणारे केटामाइन हे त्यांपैकी एक. मिडाझोलामच्या जोडीने ते उशिरा दिले तरी उंदरांत आकडी आणि पेशींचा नाश कमी होतो, असे प्रयोगांत दिसले आहे. 'टेझाम्पॅनेल' या ग्लुटामेटविरोधी संयुगावरही काम झाले आहे. आकडी थांबल्यावर काही दिवस, आठवडे चालणारा मेंदूतील दाह आणि त्यातून पुढे निर्माण होणारा कायमचा अपस्मार रोखता येईल का, याचाही शोध सुरू आहे.

यातील एक अडचण नैतिक आहे. निरोगी माणसाला सरिन देऊन औषध तपासता येत नाही. म्हणून अमेरिकेने २००२ मध्ये असा नियम केला की, अशा विषांवरील औषधाला प्राण्यांतील पुराव्यावर मान्यता देता येईल. पण त्याच कुळातील विषाने बाधित झालेली माणसे दक्षिण आशियातील रुग्णालयांत आधीच खाटांवर आहेत. 'पॅम'ची उत्तरे बारामती आणि श्रीलंकेतून आली, तशी मेंदूच्या संरक्षणाची उत्तरेही येथूनच यावयास हवीत. खर्चिक नवीन रेणूपेक्षा मिडाझोलाम आणि केटामाइन या स्वस्त जोडीची पद्धतशीर चाचणी भारतीय रुग्णाच्या अधिक उपयोगाची ठरेल.

आकडीइतकाच मेंदूचा दुसरा शत्रू म्हणजे प्राणवायूचा अभाव. जपानमध्ये २७ जून १९९४ रोजी मात्सुमोतो येथे आणि २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो या पंथाने सरिन सोडले. टोकियोत हजारो लोकांनी रुग्णालये गाठली. मात्सुमोतोतील एक महिला १४ वर्षे बेशुद्धावस्थेत राहून २००८ मध्ये मरण पावली आणि तेथील मृतांची संख्या आठ झाली. टोकियोतील एक महिला मेंदूच्या इजेसह २५ वर्षे अंथरुणाला खिळून होती. २०२० मध्ये तिच्या मृत्यूने त्या हल्ल्यातील बळींची संख्या १४ झाली. म्हणूनच तोंडातील स्राव काढणे, श्वासनलिका मोकळी करणे, प्राणवायू देणे आणि छातीतील घरघर थांबेपर्यंत अॅट्रोपीन देणे हे उपचार मेंदूच्याही संरक्षणाचे आहेत. आकडीचे औषध त्यांच्यानंतर नव्हे, त्यांच्यासोबत द्यावयाचे असते.

रुग्णालयापर्यंतचा वेळ

कर्नाटकात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २००८ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून उपलब्ध आहे. अॅट्रोपीन, प्रॅलिडॉक्झाइम, डायझेपाम आणि मिडाझोलाम ही चारही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहेत. रुग्णाला मोठ्या शहराकडे रवाना करण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातच आकडीवरचे इंजेक्शन दिले गेले, तर शहरातील अतिदक्षता विभागाला वाचविण्याजोगा मेंदू मिळतो. विनाऔषध केलेला दीड तासाचा प्रवास मागाहून कोणत्याही यंत्राने भरून काढता येत नाही.

फवारणी करताना बाधा झाल्यास रुग्णाला शेतातून मोकळ्या हवेत आणावे, भिजलेले कपडे काढावेत आणि अंग साबण-पाण्याने धुवावे. मदत करणाऱ्याने हातमोजे किंवा प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला बांधाव्यात. आकडी आल्यास रुग्णाला एका कुशीवर वळवावे. दातांत चमचा घालणे, कांदा किंवा चप्पल हुंगविणे, मिठाचे पाणी पाजून उलटी करविणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. आकडी किती वाजता सुरू झाली याची वेळ लक्षात ठेवावी, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

विषबाधेच्या अनेक घटनांमागे मानसिक ताण असतो. अशा वेळी केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेशी १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र संपर्क साधता येतो. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेचे मुख्य केंद्र बेंगळुरूच्या निम्हान्समध्येच असून मराठीतूनही बोलता येते.

औषधाची बाटली किंवा पुडा रुग्णासोबत रुग्णालयात नेणे आवश्यक आहे. वेष्टनावरील चौकोनातील रंग विषाची तीव्रता दर्शवितो. लाल रंग अतितीव्र विषाचा, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. त्याच वेष्टनावर घटक रसायनाचे नाव आणि उताऱ्याची माहिती छापलेली असते. हे विष ऑरगॅनोफॉस्फेट गटातील आहे की अन्य गटातील, हे त्यावरूनच सर्वात लवकर समजते.